18,000 माणसांचे एक चित्र: इंदूरमधील एका छपाईच्या दुकानाचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात मी शंभर वर्षांपूर्वीची दोन छायाचित्रे इंदूरमधल्या एका दुकानातून मोठ्या आकारात छापून आणि फ्रेम करून घेतली, त्या कामाविषयी हे लिहीत आहे. दुकान जुन्या वस्तीत, एका बापलेकांचे आहे. वडिलांच्या काळापासून तिथे देवादिकांच्या तसबिरी आणि घरातल्या थोरामोठ्यांचे फोटो मढवून मिळत आले आहेत, आणि काही वर्षांपूर्वी मुलाने मोठ्या छपाईचे यंत्रही बसवले आहे. दुकानाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पहिल्या खेपेला जी चूक झाली ती आज कोणत्याही शहरातल्या कोणत्याही छपाईच्या दुकानात होऊ शकते, आणि ती त्यांनी कुरकुर न करता स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून दिली. कागद, शाई आणि फ्रेम या तिन्ही बाबतींत मी पूर्ण समाधानी आहे. अडचण आली ती छायाचित्रात नेमके काय आहे हे समजण्यात, आणि म्हणून आधी त्या छायाचित्रांविषयी सविस्तर सांगणे भाग आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात आर्थर मोल आणि जॉन थॉमस या दोघांनी अमेरिकेतल्या लष्करी छावण्यांमध्ये हजारो सैनिकांना मैदानावर उभे करून त्यांच्यातूनच एखादी आकृती घडवली आणि उंच मनोऱ्यावरून तिचे छायाचित्र घेतले. ‘जिवंत छायाचित्रे’ या नावाने ती ओळखली जातात. मोल जन्माने इंग्रज, पण इलिनॉय राज्यातल्या झायन या गावी स्थायिक झालेला. थॉमस तिथल्या चर्चच्या गायकवृंदाचा संचालक होता, म्हणजे पुष्कळ माणसांना जागच्या जागी उभे करून एका इशाऱ्यावर सांभाळण्याची त्याला सवय असणार. न्यू जर्सीतल्या कॅम्प डिक्सवर त्यांनी 25,000 जणांची स्वातंत्र्यघंटा (फिलाडेल्फियातली ‘लिबर्टी बेल’) केली, तिच्या प्रसिद्ध तड्यासकट. मिशिगनमधल्या कॅम्प कस्टरवर 30,000 जणांची ढाल उभी केली. मी छापून घेतलेल्या दोनपैकी एक आहे आयोवातल्या कॅम्प डॉजवर 1918 च्या जुलैत 18,000 जणांनी मिळून केलेली स्वातंत्र्यदेवी, म्हणजे न्यूयॉर्कच्या ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’ची आकृती, आणि दुसरे त्याच वर्षी ओहायोतल्या कॅम्प शेरमनवर 21,000 जणांतून साकारलेले राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे चित्र.

या विषयाची ओढ मला माझ्या नोकरीमुळे लागली. मी इथल्या एका मराठी शाळेत बरीच वर्षे चित्रकला शिकवत होते. शाळेच्या एका वर्धापनदिनी मैदानावर मुलांची पणती करायची ठरली आणि आखणी माझ्याकडे आली. मी आलेख-कागदावर पणती काढली, चौकोन मोजून ती चुन्याच्या फक्कीने जशीच्या तशी मैदानावर उतरवली, चारशे मुलांना त्यात बसवले आणि छायाचित्रकाराला इमारतीच्या गच्चीवर पाठवले. फोटो हातात आला तेव्हा पणतीची परात झाली होती आणि ज्योत दाबून चपटी केलेल्या पेढ्यासारखी दिसत होती. आकृती कागदावर अगदी बरोबर होती, मैदानावरही बरोबर होती, पण गच्चीवरून तिरक्या नजरेने पाहणाऱ्या कॅमेऱ्याला लांबची मुले लहान आणि एकमेकांना चिकटलेली दिसत होती, हा विचार मी केलाच नव्हता. यथार्थदर्शन फळ्यावर शिकवणाऱ्या बाईंनी तो करायला हवा होता, आणि त्याची रुखरुख मला पुष्कळ वर्षे लागून राहिली.

मोलने नेमका हाच प्रश्न सोडवला होता. त्याच्यासाठी 70 ते 80 फूट उंचीचा लाकडी मनोरा उभारला जाई. त्यावर 11 बाय 14 इंचाच्या काचेचा मोठा कॅमेरा ठेवून तो हवी ती आकृती कॅमेऱ्याच्या काचेवरच रेखाटत असे. मग त्या काचेतून मैदानाकडे पाहत, भोंग्यातून ओरडत आणि लांब काठीला बांधलेले पांढरे निशाण हलवत तो खाली उभ्या असलेल्या मदतनिसांना सांगे, आणि ते त्याच्या इशाऱ्यानुसार जमिनीवर पट्ट्या ठोकून रेषा आखत जात. म्हणजे आकृती कागदावरून मैदानावर उतरवायची नाही, तर कॅमेऱ्याच्या डोळ्यातून मैदानावर सोडायची. मैदानावरून चालणाऱ्याला ती ओळखूही येणार नाही इतकी ताणलेली दिसली तरी चालेल. मनोऱ्यावरच्या त्या एका जागेवरून ती प्रमाणात दिसली म्हणजे झाले. या आखणीलाच आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागत असे, सैनिक उभे राहायचे ते सगळ्यांत शेवटी.

आकृती किती ताणलेली होती हे कॅम्प डॉजच्या आकड्यांवरून कळते, आणि चित्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते आकडे एकदा कागदावर मांडून पाहावेत असे मला वाटते. पायथ्यापासून खांद्यापर्यंत देवीची लांबी 150 फूट, चेहरा 60 फूट, नाक 21 फूट, उंचावलेला उजवा हात 340 फूट. आणि मशाल व ज्योत मिळून तब्बल 980 फूट. पायथ्यापासून ज्योतीच्या टोकापर्यंतचे अंतर जवळपास पाव मैल भरते. माणसांची वाटणीही तशीच आहे: ज्योतीत 12,000, मशालीत 2,800, उजव्या हातात 1,200 आणि चेहरा, मुकुट, अंग, वस्त्र या बाकी सगळ्या देवीत मिळून फक्त 2,000. छायाचित्रात ज्योत देवीच्या हातातली एक छोटी वस्तू दिसते, पण 18,000 पैकी दोन-तृतीयांश माणसे तिथे, त्या टोकाला उभी आहेत. माझ्या पणतीच्या ज्योतीत मी चाळीस मुले बसवली होती आणि पणतीत साडेतीनशेहून अधिक. चूक कुठे झाली हे ते आकडे वाचताना लख्ख दिसले.

त्या दिवशी पारा 105 अंश फॅरनहाइटच्या घरात होता असे सांगतात, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यातली दुपार, आणि अंगात लोकरीचे गणवेश. काही जवान उभ्या उभ्या चक्कर येऊन पडले. हे छायाचित्र युद्धकर्जाच्या रोख्यांच्या प्रचारासाठी घेतले होते, पण ते पाहताना माझ्या मनात रोखे येत नाहीत. ज्योतीत उभ्या असलेल्या मुलाला आपण ज्योत आहोत हे दिसत नव्हते, पुढच्याची पाठ तेवढी दिसत होती, आणि तरीही तो हलला नाही, हे मनात येते.

आता छपाईकडे वळते. ही छायाचित्रे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत आणि तिथून त्यांच्या मोठ्या आकाराच्या टिफ फाइल मोफत उतरवून घेता येतात. व्हॉट्सअॅपवरून फिरणारी प्रत छपाईला अजिबात घेऊ नये. ती इतकी दाबलेली असते की माणसांच्या जागी नुसता रवा उरतो. मी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन गेले आणि आकार सांगितला 22 बाय 28 इंच. त्याचे कारण साधे आहे. मूळ काच 11 बाय 14 ची, तिची बरोबर दुप्पट केली तर कुठूनही काही कापावे लागत नाही. इंचाला 300 ठिपके धरले तर एवढ्या प्रतीला 6,600 बाय 8,400 ठिपक्यांची फाइल लागते, हे दुकानातल्या मुलाने मला न विचारताच हिशेब करून सांगितले, आणि तिथे त्याच्याविषयी माझे मत फार चांगले झाले.

चार दिवसांनी प्रत घ्यायला गेले तेव्हा ती गुंडाळी उलगडताच काहीतरी बिनसल्याचे जाणवले. पहिली गोष्ट म्हणजे प्रत 20 बाय 30 ची होती. तयार फ्रेमची पट्टी त्या मापात पडून होती म्हणून त्यांनी बाजूंनी थोडे कापले होते. ही चूक मोठी असली तरी ओळखीची. आपल्याकडे लग्नाच्या फोटोतही कडेच्या आत्याबाई अशाच अर्ध्या कापल्या जातात. दुसरी गोष्ट लक्षात यायला वेळ लागला. चित्र विलक्षण स्वच्छ दिसत होते. कडा धारदार, काळा रंग गडद, मैदान गुळगुळीत. मी पिशवीतून भिंग काढले आणि देवीच्या वस्त्राच्या खालच्या भागावर धरले, कारण तिथली माणसे कॅमेऱ्याला सगळ्यांत जवळ, म्हणून सगळ्यांत मोठी आहेत. तिथे माणसे नव्हती. जिथे दोन जण खांद्याला खांदा लावून उभे होते तिथे एकच लांबट आकार झाला होता; काहींच्या मानेवर चेहऱ्याऐवजी गुळगुळीत गोळी होती, तर काहींना चक्क नवेच चेहरे फुटले होते, एकसारखे, डोळे-नाक-तोंड सगळे जागच्या जागी आणि तरी कोणाचेच नसलेले. ज्योतीत तर विणलेल्या चटईसारखी नक्षी उमटली होती.

“क्लिअर करून दिलंय, मॅडम,” तो मुलगा म्हणाला. “जुना फोटो होता ना, फार दाणे होते त्यात.”

त्याने फाइल एका आपोआप सुधारणा करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढली होती. हेतू वाईट नव्हता. त्याच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना आजोबांचा डाग पडलेला फोटो नव्यासारखा करून हवा असतो आणि त्यासाठी हे साधन उपयोगी पडतही असेल. पण ते सॉफ्टवेअर दाणा म्हणजे घाण समजते, आणि या छायाचित्रात दाणा म्हणजे माणूस आहे. मी त्याला ठिपक्यांच्या रांगोळीचे उदाहरण दिले. ठिपके पुसून रेषा तेवढ्या ठेवल्या तर रांगोळी निदान रांगोळी राहते. इथे ठिपके पुसले तर खाली काहीच उरत नाही, कारण रेषा कोणी काढलेलीच नाही. त्याने भिंग माझ्या हातातून घेतले, आधी छापलेली प्रत पाहिली, मग संगणकावर मूळ फाइल उघडून ती मोठी करत करत पायथ्यापर्यंत आला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने वडिलांना हाक मारून बोलावले आणि दोघांनी मिळून ती पाहिली. पैशांचा विषय मला काढावाच लागला नाही.

दुसरी प्रत त्यांनी मूळ फाइलवरून, काहीही न सुधारता, 22 बाय 28 मध्ये काढली. तीही एकदम पूर्ण न छापता आधी चेहरा, हात आणि ज्योत यांचे वितीएवढे तुकडे तीन कागदांवर छापून मला दाखवले. ही पद्धत मी प्रत्येकाला सुचवेन. चमकदार कागदावर काळा रंग खोल येतो, पण खिडकीचा उजेड त्यावर पडला की ज्योतीतली बारीक माणसे दिसेनाशी होतात. पोताच्या कागदावर पोत आणि माणूस एकमेकांत मिसळतात. शेवटी सुती लगद्याचा, बिनचमकीचा, गुळगुळीत कागद निवडला आणि त्यावर रंगद्रव्याच्या शाईने छापून घेतले. कृष्णधवल छपाईत हमखास येणारी हिरवट किंवा जांभळट झाक या यंत्रावर जवळजवळ नाही, कारण त्यात काळ्याच्या जोडीला करड्या शाईच्याही वेगळ्या छटा आहेत. नेमका याच ठिकाणी स्वस्त छपाईवाला फसतो, आणि इथे हे दुकान शंभर टक्के उतरले.

ही प्रत दहा-बारा फुटांवरून पाहिली तर देवी दिसते. चार फुटांवर आले की देवीचे कापड हलू लागते, आणि दीड फुटावर देवी नाहीशी होऊन ओळीत उभी असलेली पोरे उरतात. पायथ्याजवळची एकेक मोजता येतात. वर हातापर्यंत नुसत्या डोक्यांच्या रांगा कळतात, ज्योतीत मात्र भिंग लावूनही ठिपक्यांपलीकडे काही मिळत नाही. तेवढे अंतर कॅमेऱ्याच्याही आवाक्याबाहेरचे होते आणि ते तसेच छापले गेले, हे मला योग्य वाटते. आमच्या शेजारच्या आजी पहिल्यांदा जवळूनच पाहत होत्या आणि ही कसली जत्रा म्हणून विचारत होत्या. मी त्यांना हाताला धरून दारापर्यंत मागे नेले तेव्हा त्यांनी देवीला नमस्कार केला.

विल्सन यांचे चित्र छापायला अधिक अवघड. देवीत बाह्यरेषा आणि घड्या आहेत. चेहऱ्यात मात्र गाल, केस, मानेखालची सावली या सगळ्या छटा माणसांच्या अंगावरच्या गडद-फिक्या कपड्यांतून काढलेल्या आहेत. छपाई जरा जरी गडद झाली तर केसांतली माणसे एका काळ्या डागात बुडतात आणि जरा फिकी झाली तर गालावरची माणसे कागदात विरतात. पहिल्या चाचणी-तुकड्यात केस बुडालेच होते. त्या मुलाने दोनदा छटा बदलून पाहिल्या, तिसऱ्या तुकड्यावर मी होकार दिला. या वेळी मी त्याला सांगितले की त्याच 1918 सालच्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाची साथ कॅम्प शेरमनमध्ये शिरली आणि तिथे सुमारे 1,200 माणसे दगावली. या 21,000 पैकी त्यांत कोण होते हे चित्रावरून कळण्याजोगे नाही, पण केसांचा तो भाग काळा होऊ द्यायचा नाही एवढे दोघांनाही पटले.

फ्रेमचे काम वडील स्वतः करतात. त्यांनी प्रत सनबोर्डवर चिकटवायची का, लॅमिनेशन करायचे का, असे रीतीप्रमाणे विचारले, आणि मी दोन्हीला नाही म्हटल्यावर त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला. प्रत वरच्या कडेला दोनच जागी कागदी बिजागरीने लटकवली आहे, आम्लरहित माउंट बोर्डाची दीड इंचाची चौकट देऊन काच कागदापासून दूर ठेवली आहे आणि पाठीमागचा बोर्ड चहूबाजूंनी पट्टीने बंद केला आहे. काच कागदाला टेकली की इंदूरच्या पावसाळ्यात आषाढ-श्रावणात ओल धरते आणि फोटो काचेला चिकटतो. प्रत्येक घरात असा एखादा फोटो सापडेल. लाकडाची पट्टी साधी, काळी, अर्ध्या इंचाची. त्यांनी आधी सोनेरी वेलबुट्टीची दाखवली होती, पण या चित्रांभोवती ती शोभली नसती. तक्रार करायचीच तर एक आहे: साधी काच उजेड परतवते आणि न चमकणारी काच त्यांच्याकडे मागवावी लागते, तिला तीन आठवडे लागतील असे सांगितले, म्हणून मी थांबले नाही. थांबायला हवे होते. विल्सन यांच्या चित्रावर संध्याकाळी समोरच्या खिडकीचा चौकोन उमटतो.

एका प्रतीची छपाई 1,900 रुपये आणि फ्रेम 1,650 रुपये, असे दोन्हींचे मिळून 7,100 रुपये झाले. बाजारात याच्या निम्म्या पैशांत मोठे पोस्टर मिळते, आणि निसर्गदृश्यासाठी ते पुरेसेही आहे. या छायाचित्रांसाठी पुरेसे नाही.

या शहराकडून माझी अपेक्षा जरा जास्त असण्यालाही कारण आहे. लाला दीनदयाळ 1866 मध्ये बांधकाम खात्यात आरेखक म्हणून इंदूरला आले आणि 1870 च्या दशकात त्यांनी इथेच कॅमेरा हाती धरला. मोठ्या काचांवर माणसांचे समूहही त्यांनी टिपले. माणसांतून आकृती करण्याची हौसही आपल्याकडे टिकून आहे. ऑगस्ट 2022 मध्ये इंदूरमध्येच 5,335 लोकांनी मिळून भारताच्या नकाशाच्या आकाराची मानवी साखळी केली. आता असे चित्र ड्रोनने थेट डोक्यावरून घेता येते, त्यामुळे ताणाचा हिशेब करावा लागत नाही आणि माझ्यासारखीची पणती चपटी होत नाही. पण सरळ वरून डोकी तेवढी दिसतात. मोलच्या तिरक्या नजरेत पुढची माणसे पायांसकट उभी दिसतात आणि मागची दूर, क्षितिजाकडे विरत जातात. म्हणूनच ती गर्दी वाटत नाही, माणसे वाटतात. हे माझे मत आहे आणि ड्रोन उडवणाऱ्या मुलांना ते पटणार नाही याची मला कल्पना आहे.

गेल्या आठवड्यात मी शाळेतल्या त्या पणतीचा जुना फोटो घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेले. पोस्टकार्डाएवढा आहे, एक कोपरा दुमडलेला, आणि चपट्या ज्योतीच्या कडेला एक मुलगी डोळ्यांवर हात धरून गच्चीकडे बघते आहे. मुलाने तो स्कॅनरवर ठेवला, झाकण लावण्याआधी माझ्याकडे पाहून विचारले, “यातलं काही साफ करायचं नाही ना?” कोपऱ्यावरची घडी तेवढी काढ, असे मी सांगितले. 12 बाय 18 ची प्रत मंगळवारी मिळणार आहे, न चमकणारी काच आल्यावर.